मिश्री, तंबाखू-चुना, मावा व गुटखा : तुलना आणि सोडण्याची रीत

प्राथमिक शाळेत मुलांचे दात, नखे व केस तपासण्याचा परिपाठ पूर्वापार चालत आला आहे. प्रार्थनेनंतर रांगेतून फिरताना एखाद्या मुलीच्या हिरड्यांलगत काळसर रेघ शिक्षकाच्या दृष्टीस पडते. दात न घासल्यामुळे ती आली असावी, असे समजून 'उद्या दात घासून ये' एवढे सांगितले जाते व तपासणी पुढे सरकते. पुष्कळदा ती रेघ दात न घासल्याची नसते. आईच्या किंवा आजीच्या शेजारी बसून रोज सकाळी मिश्रीने दात घासल्याची ती खूण असते.

देशातील १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची २०१९ साली राष्ट्रीय पातळीवर पाहणी झाली. त्यांपैकी ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचे तीत आढळले. धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी ५२ टक्के मुलांनी आपल्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच तिची सुरुवात केली होती. दहाव्या वाढदिवसापूर्वीचे वय म्हणजे पहिली ते चौथीचे वर्ग. यास्तव हा विषय माध्यमिक शाळेने किंवा महाविद्यालयाने पाहावा, असे म्हणून प्राथमिक शिक्षकास तो दूर सारता येणार नाही.

जी तंबाखू न पेटवता तोंडात धरली, चघळली, दातांस चोळली किंवा नाकात ओढली जाते, तिला धूररहित तंबाखू म्हणतात. महाराष्ट्रातील तंबाखूचा प्रश्न मुख्यतः हाच आहे. प्रौढांच्या २०१६-१७ च्या पाहणीत राज्यातील धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांचे प्रमाण २४.४ टक्के होते. भिंतीवर पेटत्या सिगारेटचे चित्र लावून त्यावर फुली मारली म्हणजे तंबाखूविरोधी शिक्षण झाले, असे मानणाऱ्या शाळेने हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

पलूस तालुका हा कृष्णाकाठचा ऊस व द्राक्षांचा मुलूख आहे. येथे पहाटे चुलीजवळ मिश्री लागते, बांधावर तंबाखू मळली जाते, ऊसतोडीच्या फडात भूक मारण्यासाठी बार भरला जातो आणि किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत पाळी सुटताच टपरीवर माव्याची पुडी मागितली जाते. वस्तू एकाच कुळीची असली तरी तिची वेळ, तिचे निमित्त व तिची संगत प्रत्येक ठिकाणी निराळी असते. म्हणून तंबाखू सोडण्याची रीतही प्रत्येक ठिकाणी थोडी निराळी असावी लागते. 'सोडा' असा एकच उपदेश सर्वांस करून तो बहुधा का फळत नाही, याचे कारण येथेच सापडते.

तंबाखू आली कोठून

गावात मिश्रीविषयी बोलू लागले की 'ही वाडवडिलांपासूनची चाल आहे' असे उत्तर मिळते. शिक्षकास इतिहास ठाऊक असावा, म्हणून थोडे सांगितले पाहिजे. तंबाखूचे झाड मूळ अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांनी ते हिंदुस्थानात आणले. अकबर बादशहाचा दूत असद बेग हा इ. स. १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून परतला, तेव्हा त्याने तेथे पाहिलेली नवलाची वस्तू म्हणून तंबाखू व ती ओढण्याची नळी बादशहापुढे ठेवली. आजच्या जत तालुक्याची सीमा ज्या मुलखास लागून आहे, त्याच विजापूरची ही हकीकत. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखूस मनाई केली, पण ती टिकली नाही. तात्पर्य, ही चाल सुमारे चारशे वर्षांची आहे. तिच्याआधीही या भूमीतील माणसे दात घासत होती, शेत नांगरत होती व पाहुण्यांचे स्वागत करीत होती.

निकोटीन आणि चुना

तंबाखूची सवय जडवणारे द्रव्य म्हणजे निकोटीन. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या दरबारी तंबाखू पाठवणारा वकील झां निको याच्या नावावरून त्यास हे नाव मिळाले. हे द्रव्य मेंदूत पोहोचले की क्षणभर हुशारी व समाधान वाटते. परंतु शरीर त्याचा निचरा लवकर करते. सुमारे दोन तासांत रक्तातील निकोटीन निम्म्यावर येते व माणसास तलफ येऊ लागते. तंबाखू खाणाऱ्याचा हात तास-दोन तासांनी आपोआप खिशाकडे किंवा चंचीकडे जातो, त्यामागे ही मोजणी असते.

तंबाखूत चुना का मिसळतात, हा प्रश्न शाळेतील विज्ञानाच्या पाठास जोडून घेण्याजोगा आहे. निकोटीन आम्लयुक्त पदार्थात बांधलेले राहते व तोंडाच्या त्वचेतून सहज आत जात नाही. चुना अल्कधर्मी असल्यामुळे ते मोकळे होते व गालाच्या किंवा ओठाच्या आतील नाजूक त्वचेतून रक्तात शिरते. त्याच वेळी चुन्याने ती त्वचा भाजल्यासारखी होते. एका सिगारेटमधून शरीरात सुमारे १ मिलिग्रॅम निकोटीन जाते, तर अर्धा तास तोंडात धरलेल्या तंबाखूच्या एका बारातून त्याच्या तिप्पट-चौपट जाऊ शकते, असे मोजमापांत आढळले आहे. म्हणून 'विडी ओढत नाही, नुसती तंबाखू खातो' असे म्हणणारा मनुष्य कमी व्यसनी असतो, हा समज निराधार आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. सवय लावते ते निकोटीन. कर्करोग होतो तो मुख्यतः तंबाखूतील नायट्रोसामाइन वर्गाच्या इतर द्रव्यांमुळे, आणि सुपारी असल्यास सुपारीमुळेही. हा भेद समजला म्हणजे पुढे औषध म्हणून निकोटीनचा डिंक का देतात, हे कळणे सोपे जाईल.

चार प्रकारांची तुलना

*मिश्री.* तंबाखूचे पान तव्यावर काळे होईपर्यंत भाजून त्याची पूड करतात व ती बोटाने दातांस व हिरड्यांस चोळतात. हिचा वापर प्रामुख्याने स्त्रिया करतात. तिला दंतमंजनाचे रूप असल्यामुळे ती व्यसन वाटत नाही व हाच तिचा मोठा धोका आहे. सकाळी एकदा लावणारी बाई काही वर्षांत दुपारी, भांडी घासून झाल्यावर व निजण्यापूर्वीही लावू लागते. दात दिवसातून पाच वेळा घाण होत नाहीत, हे तिच्याही ध्यानात येते. परंतु मिश्रीवाचून डोके चढते, काम सुचत नाही. पान भाजल्यामुळे तंबाखूच्या मूळ दोषांत जळक्या पदार्थांतील कर्करोगकारक द्रव्यांची भर पडते. गरोदर स्त्रीस मिश्रीचा अपाय दुहेरी होतो. मुंबईतील गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात धूररहित तंबाखू, विशेषतः मिश्री, वापरणाऱ्या मातांची बालके सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची आढळली व दिवस पुरे भरण्यापूर्वी प्रसूती होण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते. देशात १९९२ पासून दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास कायद्याने मनाई आहे. घरी भाजलेली मिश्री मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेथे शिक्षणच पोहोचले पाहिजे.

*तंबाखू-चुना.* तळहातावर तंबाखू घेऊन, चुना लावून, अंगठ्याने मळून, फुंकर व थाप मारून ती खालच्या ओठात किंवा गालात धरतात. उत्तरेत हिलाच खैनी म्हणतात. हिचा वापर पुरुषांत अधिक आहे. हिची संगत मोठी आहे. मळणारा शेजाऱ्यापुढे हात करतो व शेजारी न मागता चिमूट उचलतो. परका मनुष्य त्या चिमटीने ओळखीचा होतो. जेथे बार धरतात, तेथील हिरडी खाली सरते, दाताचे मूळ उघडे पडते व त्वचेवर पांढरट सुरकुतलेला चट्टा उमटतो. कर्करोगाची सुरुवात होते ती पुष्कळदा नेमकी त्याच जागी.

*मावा.* सुपारीचे बारीक काप, तंबाखू व चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून टपरीवर घासून देतात. तंबाखूबरोबर यात सुपारीचे प्रमाण मोठे असते. सुपारी निरुपद्रवी आहे, असा समज सर्वत्र आहे, पण तो चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा मानवास कर्करोगकारक ठरवली आहे.

*गुटखा.* सुपारी, तंबाखू, चुना, कात व सुगंधी द्रव्ये कारखान्यात एकत्र करून पुडीत भरतात. मळण्याचा त्रास नाही, पुडी फाडली की तोंडात टाकायची. गोडसर चवीमुळे तंबाखूचा कडूपणा जाणवत नाही व लहान वयाचा मुलगा पहिल्याच खेपेस ती थुंकून टाकत नाही. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. त्यानंतर सुपारीयुक्त पानमसाला एका पुडीत व तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी जोडविक्री सुरू झाली. गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करते व परिणाम तोच होतो. मावा व गुटखा यांमुळे तोंड आखडण्याचा विकार होतो. गालांच्या आत तंतूंचे पट्टे तयार होतात, तिखट लागेनासे होते व तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. एकदा आखडलेले तोंड पूर्ववत होणे फार कठीण असते. पंचविशीच्या आतील तरुणांतही हा विकार दिसतो.

या चारांखेरीज तपकीर आहे. जुन्या पिढीत ती नाकात ओढत. काही ठिकाणी दातांसही लावत. परदेशांत स्वीडनमध्ये 'स्नूस' नावाची ओलसर तंबाखू ओठाखाली ठेवतात. ती विशिष्ट उष्णता देऊन तयार केलेली व थंड जागी साठवलेली असते, म्हणून तिच्यात नायट्रोसामाइन द्रव्ये कमी असतात व तोंडाच्या कर्करोगाचा धोका आपल्याकडील प्रकारांपेक्षा कमी दिसतो. अलीकडे तंबाखूचे पान नसलेल्या, केवळ निकोटीनच्या पांढऱ्या पुड्याही निघाल्या आहेत. मोबाइलवर हे वाचून एखादा तरुण 'ही तंबाखू सुरक्षित असते' असे म्हणेल. स्वीडनच्या कारखान्यातील वस्तूचा दाखला गावच्या माव्यास लागू पडत नाही, आणि निकोटीनची गुलामी दोन्हींकडे सारखीच, हे त्यास समजावून द्यावे.

तोंडातील खुणा

शिक्षक हा वैद्य नव्हे. तथापि काही खुणा ओळखून माणसास वेळीच दवाखान्याची वाट दाखवणे त्याला शक्य आहे. पुसला असता न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत बरी न होणारी जखम, कारण नसता हलू लागलेला दात, गालात किंवा मानेत लागणारी गाठ, गिळताना होणारा त्रास, या खुणांपैकी एकही दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तेथून सांगली किंवा मिरज येथील मोठ्या रुग्णालयात पाठवणी होऊ शकते. तोंड आखडते आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत अशी : स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. ती सहज जात नसतील, तर तपासणी अवश्य करावी.

भारतीय पुरुषांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. इतर पुष्कळ कर्करोग शरीराच्या आत लपलेले असतात. हा आरशात दिसतो. बहुधा तो होण्यापूर्वी काही वर्षे चट्ट्याच्या रूपाने सूचना देतो. १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्यातील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासण्यात आली होती. तोंडातील असे विकार तंबाखूच्या वापराशी कसे निगडित आहेत, हे त्या पाहणीतून पुढे आले. पुढे एर्नाकुलम, भावनगर व श्रीकाकुलम या जिल्ह्यांतील ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांवर एक प्रयोग झाला. त्यांची तोंडे दरवर्षी तपासली व प्रत्येकास समजावून सल्ला दिला. १९८६ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सल्ला मिळालेल्यांत तंबाखू सोडणारे वाढले आणि, विशेषतः एर्नाकुलममध्ये, नवे पांढरे चट्टे उद्भवण्याचे प्रमाण घटले. खेड्यातील माणूस सांगून ऐकत नाही, असे म्हणणाऱ्यांस हे उत्तर आहे. समोर बसून, वारंवार व आपुलकीने सांगितल्यास माणसे ऐकतात.

काही गैरसमज

'मिश्रीने दात दुखायचे थांबतात.' निकोटीनमुळे काही वेळ बधिरता येते. कीड आतून वाढतच राहते. ठणका दबल्यामुळे दाताच्या डॉक्टरांकडे जाणे लांबते व दात हातचा जातो.

'गुरुजी, सकाळी लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई.' या तक्रारीत तथ्य आहे व ती हसण्यावारी नेऊ नये. निकोटीनमुळे आतड्यांची हालचाल वाढते. सोडल्यावर काही दिवस मलावरोध होतो व त्यामुळे पुष्कळ बाया चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा मिश्रीकडे वळतात. पहाटे कोमट पाणी, आहारात पालेभाज्या व कडधान्ये आणि थोडे चालणे यांनी हा त्रास हळूहळू नाहीसा होतो, हे आधीच सांगून ठेवावे.

'इतकी वर्षे खाल्ली, आता सोडून काय उपयोग?' सोडल्यानंतर पुष्कळांचे पांढरे चट्टे लहान होतात किंवा जातात. कर्करोगाचा धोका वर्षागणिक उतरत जातो. हिरड्यांचे रक्ताभिसरण सुधारते. साठीतही सोडण्याचा लाभ होतोच.

सोडण्याची सर्वसाधारण रीत

देशातील धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांनी २०१६-१७ च्या पाहणीत सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. म्हणजे इच्छा नाही, अशी स्थिती नाही. उणीव आहे ती रीत माहीत नसण्याची.

पहिली पायरी मोजणीची. एक आठवडाभर, काहीही कमी न करता, दिवसात किती वेळा, कोणत्या वेळी व कोणाबरोबर तंबाखू घेतली, याची नोंद ठेवावी. लिहिता न येणाऱ्यांनी डबीत खडे टाकून मोजावे. नोंद पाहिल्यावर स्वतःलाच आश्चर्य वाटते.

दुसरी पायरी दिवस ठरवण्याची. पुढील दोन आठवड्यांतील एक दिवस निश्चित करून तो घरच्यांस व एका जिवलगास सांगावा. यात्रा, लग्न किंवा सुगीची घाई असलेला दिवस टाळावा. त्या दिवसाच्या आदल्या रात्री पुडी, डबी, चंची व चुना घराबाहेर काढावा. 'अडीनडीस असावी' म्हणून ठेवलेली चिमूटच पुढे घात करते.

तिसरी पायरी तलफ परतवण्याची. प्रत्येक तलफ काही मिनिटांत ओसरते; ती न ओसरता वाढतच जाईल, ही केवळ भीती असते. तेवढा वेळ पाण्याचे घोट घ्यावेत, दीर्घ श्वास घ्यावा, जागेवरून उठून हाताला दुसरे काम द्यावे, कोणाशी तरी बोलावे. तोंडास चाळा म्हणून बडीशेप, ओवा, लवंग किंवा ज्येष्ठमधाचा तुकडा चालेल. सुपारी मात्र कोणत्याही रूपात चालणार नाही. गोड सुपारीही नको.

चौथी पायरी त्रास ओळखण्याची. चिडचिड, डोकेदुखी, झोपमोड, मन न लागणे, भूक वाढणे ही लक्षणे सोडल्यापासून काही तासांत सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोहोचतात व दोन ते चार आठवड्यांत निवळतात. हा रोग नसून निकोटीन निघून गेल्याची खूण आहे. घरच्या माणसांनी हे दिवस सांभाळून घ्यावेत.

पाचवी पायरी पुन्हा उभे राहण्याची. पुष्कळ लोक पहिल्याच प्रयत्नात सुटत नाहीत. एखादा बार घेतला गेला, म्हणजे सर्व फुकट गेले असे नव्हे. कोणत्या वेळी व कशामुळे घेतला, एवढे पाहून दुसऱ्या सकाळपासून पुन्हा सुरुवात करावी. पाढे चुकणाऱ्या मुलास शिक्षक शाळेतून काढून टाकत नाही. पुन्हा म्हणवून घेतो. येथेही तीच पद्धत.

प्रत्येक प्रकारास निराळी जोड

मिश्री दात घासण्याशी जोडलेली असते, म्हणून दात घासण्याची वस्तू बदलावी लागते. ब्रश व साधी पेस्ट अथवा तंबाखूविरहित मंजन घरी आणून द्यावे व नेहमीची बसण्याची जागा बदलावी. बोट हिरडीवर फिरवण्याची सवय हातालाही असते. ब्रश धरल्याने ती मोडते. दिवसातून चार-पाच वेळा लावणाऱ्या बाईने प्रथम दुपारची व रात्रीची वेळ सोडावी व सकाळची शेवटी सोडावी, हेही चालते. मात्र शेवटच्या वेळेचा दिवस ठरलेला हवा. घरात दोघीतिघी लावणाऱ्या असतील, तर सर्वांनी मिळून सोडणे सोपे जाते. एकीच्या भाजण्याचा वास दुसरीची तलफ जागी करतो.

तंबाखू-चुना संगतीशी जोडलेला असतो. येथे नकार देण्याचा सराव करावा लागतो. पुढे आलेला हात परतवणे खेड्यात उद्धटपणाचे वाटते. 'डॉक्टरांनी मनाई केली आहे' किंवा 'पोराला शब्द दिला आहे' असे एक ठरलेले वाक्य तयार ठेवले, म्हणजे वाद न होता सुटका होते. भूक मारण्यासाठी बार भरणाऱ्या मजुराजवळ भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे व गूळ असावा. रिकाम्या पोटी तलफेशी झगडा देणे अवघड असते.

मावा व गुटखा टपरी, प्रवास व पाळीची सुट्टी यांच्याशी जोडलेले असतात. कामावरून येण्याची वाट बदलणे, खिशात सुटे पैसे न ठेवणे, गाडी चालवताना बडीशेप जवळ बाळगणे, हे उपाय लहान असले तरी कामी येतात. रोजच्या पुड्यांचे पैसे वेगळ्या डब्यात टाकून महिन्याअखेर मुलांसमक्ष मोजावेत. हे गणिताचे उदाहरण कोणीही मूल सोडवील.

औषधांची मदत

ज्यांना उठल्याबरोबर तंबाखू लागते किंवा रात्री जाग आल्यावरही लागते, त्यांचे अवलंबन गाढ समजावे. त्यांना औषधाची मदत घेण्यात कमीपणा नाही. निकोटीनचा डिंक, चघळण्याच्या गोळ्या व त्वचेवर लावण्याच्या पट्ट्या यांतून थोडे निकोटीन मिळते. तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्ये मिळत नाहीत. मग ते प्रमाण काही आठवड्यांत उतरवत नेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत धूररहित तंबाखू सोडणाऱ्यांसाठीही समुपदेशनाबरोबर निकोटीन-पर्यायाची किंवा व्हेरेनिक्लिन या औषधाची शिफारस केली आहे. व्हेरेनिक्लिन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाचे असते.

डिंक चघळण्याची रीत पुष्कळांस ठाऊक नसते. तो गोळीसारखा भराभर चावायचा नाही. झणझणीत चव येईपर्यंत सावकाश चावून मग गाल व हिरडी यांमध्ये ठेवायचा. चव गेली की पुन्हा थोडा चावायचा. असे सुमारे अर्धा तास करावे. डिंकाच्या आधी पाव तास व तो तोंडात असताना चहा, कॉफी किंवा आंबट पेय घेऊ नये, कारण आम्लामुळे निकोटीन शोषले जात नाही. चुन्याविषयी वर सांगितलेलाच नियम येथे उलट बाजूने दिसतो. ज्यांचे तोंड आखडले आहे, त्यांस डिंक चावणे कठीण जाते; त्यांनी पट्टीविषयी विचारावे. गरोदर स्त्रिया व हृदयविकार असलेले लोक यांनी डॉक्टरांस विचारल्यावाचून यांपैकी काहीही घेऊ नये.

दवाखाना दूर असल्यास दूरध्वनीवरून साहाय्य मिळते. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही तंबाखूमुक्ती सेवा २०१६ पासून चालू आहे व ती निःशुल्क आहे. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा.

शाळेने काय करावे

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील कोणासही तंबाखूजन्य पदार्थ विकणे व शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या, आत ते विकणे गुन्हा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मुलास तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. 'वडिलांसाठी नेतो' असे मुलाने सांगितले म्हणून दुकानदारास सूट मिळत नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत दुकानदारांस बोलावून हे कलम वाचून दाखवावे. ते बहुधा पुरते. वर्गातील मुलांनी चुन्याने किंवा पिवळ्या रंगाने ९१ मीटरची रेघ मोजून आखली, तर मोजमापाचा पाठही होतो.

मुलास पालकांविरुद्ध उभे करू नये. 'तुझी आई वाईट सवयीची आहे' असा अर्थ निघेल, असे वर्गात बोलू नये. मुलाने घरी जाऊन पुडी फेकून द्यावी, अशी शिकवण दिल्यास त्यास मार बसेल व शाळेविषयी कटुता येईल. त्याऐवजी पालकसभेत किंवा घरभेटीत शिक्षिकांनी मातांशी स्वतंत्र बोलावे. 'मावशी, मिश्री किती वर्षं लावता? कधी सोडून बघितली का?' एवढ्या प्रश्नापासून सुरुवात करावी व उत्तर पुरे ऐकून घ्यावे. दोष न देता विचारले की बाया मोकळेपणाने बोलतात, आणि ज्यांनी पूर्वी सोडली असेल, त्या स्वतःच इतरांस सांगू लागतात. गावात अशी एखादी बाई असतेच. तिला सभेत बोलते करणे हे दहा व्याख्यानांच्या मोलाचे आहे.

हिरड्यांवर काळी रेघ दिसलेल्या मुलास रांगेत सर्वांसमक्ष टोकू नये. बाजूस घेऊन विचारावे, घरी कळवावे व आठवड्याने पुन्हा पाहावे. लहान वयात सवय पक्की झालेली नसते. साधा ब्रश हाती आला तरी पुष्कळ मुले सुटतात.

शेवटची गोष्ट शिक्षकांच्या स्वतःच्या तंबाखूची. मधल्या सुट्टीत कार्यालयात बसून तंबाखू मळणाऱ्या गुरुजींचे हात मुले खिडकीतून पाहतात व अंगठा कसा फिरवावा, हे तेथेच शिकतात. ज्या शिक्षकास सवय आहे, त्याने ती लपवून मुलांस उपदेश करण्यापेक्षा या सत्राचा एक दिवस ठरवून सोडण्यास आरंभ करावा व आपल्या सहकाऱ्यांस तसे सांगावे. त्याला तलफेचा त्रास ठाऊक असल्यामुळे पालकांशी बोलताना त्याचे बोल अधिक खरे वाटतील. प्रत्येक शाळेने सत्राच्या आरंभी किती घरांत मिश्री लागते व किती घरांत तंबाखू, मावा येतो, याची नावे न लिहिता केवळ संख्या टिपून ठेवावी आणि सत्राअखेर ती पुन्हा पाहावी. पहिल्या वर्षी दोन-तीन घरे सुटली, तरी त्या घरांतील मुलांसाठी ते काम पुरे झाले असे समजून पुढील वर्षाची आखणी करावी.